जुन्या भेगा नव्या डांबरातून वर का येतात?

प्रश्न : गंगापूर रोडलगतच्या आमच्या कॉलनीत दोन वर्षांपूर्वी ५० मिलिमीटरचे कारपेट, म्हणजे डांबराचा नवा थर झाला. आता जुन्याच जागी भेगा दिसत आहेत. डांबर कमी वापरले असेल का?

उत्तर : शंका साहजिक आहे, पण भेग जुन्याच रेषेवर उमटली असेल, तर दोष बहुधा वरच्या थरात नसून खाली असतो. एप्रिलच्या उन्हात रस्ता प्रसरण पावतो, जानेवारीच्या थंडीत आकसतो, आणि अवजड चाक जाताना बुजवलेल्या भेगेचा आधी एक काठ दबतो, मग दुसरा. ही सारी हालचाल नव्या थराच्या तळाशी एकाच रेषेवर एकवटते आणि तिथून भेग वर चढू लागते. वर्षाला सुमारे २५ मिलिमीटर, असा तिच्या चढण्याचा ढोबळ हिशेब धरला जातो. त्या मानाने तुमच्या भेगा अगदी वेळेवर आल्या आहेत.

कारपेट टाकण्यापूर्वी सुट्या भेगा हवेच्या झोताने साफ करून रबरमिश्रित डांबराने भरायला हव्या होत्या. जाळीसारख्या भेगांना मात्र हा उपाय चालत नाही. तिथे पायाच खचलेला असल्याने तेवढा तुकडा खणून नव्याने भरावा लागतो. त्यानंतर सुधारित डांबराचा जाड फवारा व त्यावर बारीक खडी, डांबरात भिजवलेले जिओटेक्स्टाइल कापड किंवा काचतंतूंची जाळी, यांपैकी एखादा ताण झेलणारा थर मध्ये घातला, तर भेग वर यायला बराच उशीर होतो. ती कायमची थांबते, असे मात्र कोणी सांगितले तरी मानू नका.

प्रश्न : सातपूरला काम चालू असताना तपकिरी द्रव फवारून लगेच डांबर टाकलेले पाहिले. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. तो टॅककोट, म्हणजे जुना आणि नवा थर एकमेकांना चिकटवणारे डांबराचे इमल्शन (पाण्यात मिसळलेले डांबर). त्यातले पाणी सुटून रंग काळा होईपर्यंत थांबलेच पाहिजे. जुन्या डांबरी पृष्ठभागावर चौरस मीटरला साधारण २०० ते ३०० ग्रॅम इमल्शन पुरते, पण आधी रस्ता झाडलेला हवा. एका चौकात निघून आलेला भाकरीएवढा तुकडा मी उलटा करून पाहिला होता. खालची बाजू इतकी धुळकट होती की बोटाने नाव लिहिता आले असते. असा सुटा थर ब्रेक लागण्याच्या जागी सरकतो आणि चंद्रकोरीसारख्या भेगा पडतात.

प्रश्न : निफाडकडील आमच्या रस्त्याला कडेने लांबच लांब भेग आहे. ती कधी भरावी?

उत्तर : काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे कडा ओढली जाते. साइडपट्टी पक्की करून पाणी गटारात नेल्याशिवाय नुसते कारपेट टिकणार नाही. भेग भरायची ती हिवाळ्यातल्या कोरड्या दिवसांत, कारण थंडीने ती उघडलेली असते. भर उन्हात मिटलेल्या भेगेत भरलेले डांबर पुढच्या थंडीत ताणले जाऊन तुटते.

प्रश्न : मग सरळ जाड थरच का टाकू नये?

उत्तर : भेग वर यायला उशीर होईल, पण रस्त्याची पातळी चढून पावसाचे पाणी तुमच्या फाटकातून आत येईल. जुना थर यंत्राने खरवडून मगच नवा टाकायला सांगा.