उणे तीस अंशांत गाडी सुरू करताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नाशिकहून कॅनडातल्या एडमंटनला आल्यावर जुनी पेट्रोल गाडी घेतली. तिच्या पुढच्या जाळीतून तीन पिनांचा प्लग लोंबतो. तो कशाचा? रात्रभर लावून ठेवावा का?

उत्तर : तो ब्लॉक हीटरचा प्लग आहे. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये (सिलिंडर असलेल्या मुख्य धातूच्या भागात), कूलंटच्या म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या वाटेत बसवलेली ही कॉइल आपल्याकडच्या पाणी तापवायच्या रॉडसारखेच काम करते. उणे तीस अंशांत इंजिन ऑइल काकवीसारखे दाट होते, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीची ताकद निम्म्याच्याही खाली आलेली असते. त्यामुळे स्टार्टरला सर्वाधिक जोर लागतो तेव्हाच तो सर्वांत कमी मिळतो. हीटरमुळे ब्लॉक आणि सिलिंडर कोमट राहतात, गाडी लवकर सुरू होते आणि आतला हीटरही लवकर ऊब देऊ लागतो. मात्र तळाच्या ऑइलपर्यंत ही ऊब फारशी पोहोचत नाही, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत चालत असेल तर हिवाळ्यात ०डब्ल्यू श्रेणीचे, म्हणजे कडक थंडीतही पातळ राहणारे ऑइल घालावे.

रात्रभर प्लग लावण्याची गरज नाही. ४०० वॅटचा हीटर दहा तास चालला तर ४ युनिट वीज जाते, तीन तासांत १.२ युनिट, आणि तीन-चार तासांनंतर ब्लॉक आणखी फारसा तापत नाही. घराबाहेर वापरता येणारा टायमर घेऊन पहाटेची वेळ लावावी. पारा उणे पंधराच्या खाली जाणार असेल, तर हा खटाटोप हमखास सार्थकी लागतो. वायर मात्र बाहेरच्या वापराची, जाड आणि अर्थिंगची हवी. घरातली बारीक एक्स्टेन्शन तापते. आणि निघण्यापूर्वी प्लग काढायला विसरू नये. वायर फरफटवत निघालेली गाडी तिथे नवलाची नाही!

प्रश्न : कॅनडातल्याच विनिपेगला रात्रभर प्लग लावूनही गाडी सुरू झाली नाही. हीटर बिघडला हे कसे ओळखावे?

उत्तर : शांत पहाटे प्लग लावल्यावर बोनेटजवळ कान नेला, तर बऱ्याच गाड्यांत बारीक चुरचुर ऐकू येते. खात्रीसाठी प्लग सॉकेटमधून काढून त्याच्या दोन चपट्या पिनांमधला रोध मल्टिमीटरने मोजावा : १२० व्होल्टच्या ४०० वॅट हीटरला तो साधारण ३६ ओहम येतो. मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉइल किंवा वायर तुटली आहे. रोध ठीक असेल, तर आधी सॉकेटमध्ये वीज आहे का ते पाहावे आणि मग बॅटरीची चाचणी करून घ्यावी, कारण ब्लॉक हीटर बॅटरीला ऊब देत नाही.

प्रश्न : जानेवारीत पुण्याहून डिझेल गाडीने लेहला जायचे आहे. हीटर बसवावा का?

उत्तर : एका सहलीसाठी नको. तिथे खरी अडचण डिझेलची असते. त्यातले मेण गोठून फिल्टर तुंबतो, आणि टाकीतल्या डिझेलला ब्लॉक हीटरचा उपयोग नाही. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले आहे. मैदानी डिझेल शक्य तितके संपवून मग तेच भरावे. निघण्यापूर्वी कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे आहे ना, हे तपासून घ्यावे. टाकीखाली शेगडी पेटवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये.