लिब्रेऑफिसमध्ये फाइल कायम डॉकएक्समध्येच सेव्ह व्हावी यासाठी काय करायचं?

तुमची अडचण अशी की रायटरमध्ये (लिब्रेऑफिसचा वर्डसारखा प्रोग्राम) पत्र टाइप केलं की ते वर्डच्या डॉकएक्सऐवजी लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या ओडीटी फॉरमॅटमध्ये सेव्ह होतं, समोरच्याच्या मोबाइलवर उघडत नाही आणि मग दरवेळी 'सेव्ह ॲज' करत बसावं लागतं. एकदाच सेटिंग बदला, हा त्रास संपेल.

वर टूल्स, त्यात ऑप्शन्स, तिथे लोड/सेव्ह आणि त्याखाली जनरल. पानाच्या खालच्या भागात 'डॉक्युमेंट टाइप' आणि 'ऑलवेज सेव्ह ॲज' असे दोन ड्रॉपडाउन दिसतील, पहिल्यात टेक्स्ट डॉक्युमेंट ठेवा आणि दुसऱ्यात वर्ड 2007 ने सुरू होणारा ऑप्शन घ्या, 97-2003 वाला नको, तो जुना .डॉक आहे. आता लगेच ओके करू नका! बरेच जण इथेच थांबतात आणि मग म्हणतात कॅल्क (एक्सेलसारखा हिशोबाचा प्रोग्राम) अजून त्याचा स्वतःचा ओडीएस फॉरमॅटच देतंय, कारण प्रत्येक प्रकाराला वेगळं सांगावं लागतं. म्हणून पहिल्या ड्रॉपडाउनमध्ये स्प्रेडशीट निवडून दुसऱ्यात एक्सेल लावा, प्रेझेंटेशन करत असाल तर तेही. आमच्याकडे देवगडला आंब्याच्या सीझनमध्ये पेट्यांचा हिशोब कॅल्कमध्ये असतो आणि तो वाशीच्या व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर जातो, ओडीएस पाठवलं की "उघडत नाय" म्हणून फोन आलाच समजा, त्यामुळे मी एक्सेलच लावून ठेवलंय.

आधीच्या फाइल्स मात्र आपोआप बदलत नाहीत, उघडून नुसतं सेव्ह केलं तरी ओडीटीच राहतात, त्यांना एकदा 'सेव्ह ॲज' करावंच लागेल.

पण मनापासून सांगतो, जे काम तुमचं स्वतःचं आहे आणि वर्षानुवर्षं जपायचंय त्याची मूळ फाइल ओडीटीतच ठेवा आणि पाठवायला डॉकएक्सची कॉपी काढा. ओडीएफ, म्हणजे ओडीटी-ओडीएस ज्यात येतात तो फॉरमॅट, 2006 पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं स्टँडर्ड आहे, कुठल्या एका कंपनीच्या मर्जीवर नाही, आणि लिब्रेऑफिसचा तो घरचाच फॉरमॅट, टेबलं आणि पेज स्टाइल केल्या तशा राहतात, डॉकएक्समध्ये कधीकधी हलतात.

आणि त्या पानावर गेलाच आहात तर वरती 'ऑटोरिकव्हरी' दिसेल, म्हणजे मध्येच बंद पडलं तर काम परत मिळावं म्हणून ठरावीक वेळाने आपोआप होणारी नोंद, तिथे साधारण 10 मिनिटं असतात, ती 2 करा. पावसाळ्यात किनारपट्टीला लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, लॅपटॉपची बॅटरी जुनी असेल तर हे हवंच. मग ओके.