न्यूझीलंडच्या लोकांचं बोलणं कळत नाही, माझं इंग्लिश कच्चं आहे का?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात ऑकलंडला नोकरीवर रुजू व्हायचंय, आयईएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षेत लिसनिंगमध्ये 8 बँड आलेत, तरी व्हिडिओ कॉलवर मॅनेजरला एकेक वाक्य तीन तीनदा विचारावं लागलं, म्हणजे इंग्लिशच कच्चं आहे का. नाही हो, अजिबात नाही. मी मूळची कल्याणची, नर्स आहे, सहा वर्षं हॅमिल्टनला एका रेस्ट होममध्ये म्हणजे वृद्धांच्या निवासात काम करतेय आणि पहिले तीन-चार महिने रोज घरी आल्यावर मलाही हेच वाटायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. रात्रपाळी होती, विशीतली एक केअरगिव्हर धावत आली, म्हणाली कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींना 'इअर'. पुढचं मागचं काही कळलं नाही, मी आपलं 'कान' एवढंच ऐकलं. ऑटोस्कोप घेऊन गेले, कान दुखतोय का, कमी ऐकू येतंय का विचारतेय, आणि त्या बिचाऱ्या हाताने नुसत्या खिडकीकडे दाखवतायत. त्यांना हवा पाहिजे होती, एअर. खिडकी उघडली, ऑक्सिजन बघितला तर 97, नुसतं कोंदट झालं होतं खोलीत. पण खरंच दम लागलेला असता तर मी तेव्हा कान तपासत बसले असते, हे अजून मनातून जात नाही.

तिथल्या विशेषतः तरुण मंडळींच्या बोलण्यात एअर आणि इअर, चेअर आणि चिअर, बेअर आणि बिअर यातला फरकच राहिलेला नाही. आणि बाकीचे स्वर म्हणाल तर लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं झालंय, एकजण सरकला की बाकीच्यांनाही सरकावं लागतं. 'मॅन' मधला ॲ सरकून ए च्या जागी आला म्हणून मॅन आपल्याला मेन ऐकू येतो, ए सरकला इ कडे म्हणून पेन चं पिन आणि टेन चं टिन, मग इ ला जागा उरली नाही, तो गेला अ कडे, म्हणून फिश अँड चिप्स चं फश अँड चप्स आणि सिक्स चं सक्स. हे एकदा डोक्यात बसलं ना की कान आपोआप उलटा हिशोब करायला लागतो. मला कोणी हे आधी सांगितलंच नव्हतं, मी एकेक शब्द वेगळा पाठ करत बसले होते, त्यात फार वेळ गेला.

आता दुसरी बाजू, आपलं बोलणं त्यांना कळत नाही ती. फोनवर मी पाटील सांगायचे आणि समोरचा बी ने सुरुवात करून बाटील लिहायचा. कारण असं की इंग्लिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीला पी, टी, के म्हणताना हवा सोडतात, जवळजवळ आपला ओठ मिटून म्हटलेला फ, ठ, ख. आपण प, ट, क कोरडे म्हणतो, त्यामुळे त्यांच्या कानाला प चा ब आणि क चा ग होतो. तोंडासमोर तळहात धरून पेन म्हणून बघा, हाताला हवा लागली पाहिजे. आणि स्पेलिंग सांगताना 'पी फॉर पुणे, एन फॉर नाशिक' तिथे कुणाला कळणार, अल्फा-ब्राव्हो-चार्ली वाली यादी पाठ करून जा, पी फॉर पापा, एन फॉर नोव्हेंबर.

काही वेळा तर शब्द नीट ऐकू येतो आणि तरीही घोळ होतो. एक आजोबा म्हणाले आय अ‍ॅम फीलिंग क्रूक, मला वाटलं कुणाला तरी चोर म्हणतायत, तर क्रूक म्हणजे बरं वाटत नाहीये. टी म्हणजे बऱ्याच घरांत रात्रीचं जेवण. 'या, नाह' म्हणजे नाही. शेजाऱ्यांनी बोलावलं आणि ब्रिंग अ प्लेट म्हणाले तर रिकामी ताटली नाही न्यायची, काहीतरी खायला करून न्यायचं. माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले शब्दही रोजच्या बोलण्यात खूप येतात, त्यात डब्ल्यू-एच लिहिलं तरी बहुतेक ठिकाणी उच्चार फ होतो, फानाऊ म्हणजे कुटुंब, गावाचं नाव फांगारे. हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना माहिती देतात तेव्हा, 'फानाऊ दोन वाजता येणार' हे वाक्य मला कितीतरी दिवस लागतच नव्हतं.

पण मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे, की कळलं नसताना यस यस करून मान हलवू नका. आपल्याला लाज वाटते, तिसऱ्यांदा कसं विचारायचं असं होतं, मीही केलंय. नुसतं पार्डन म्हटलं तर समोरचा तेच वाक्य तसंच जरा मोठ्याने म्हणतो, त्याचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा, 'म्हणजे सहा नंबरच्या खोलीत, दहा वाजता, बरोबर?' चुकलं असेल तर ते लगेच तेवढाच तुकडा दुरुस्त करतात, आणि कुणी वाईट मानत नाही हे मी खात्रीने सांगते. आम्ही फोनवर औषधाची ऑर्डर घेताना आकडे सुटे करून म्हणतो, फिफ्टीन, वन फाइव्ह, कारण 15 चे 50 ऐकू आले तर पेशंटच्या जिवावर बेतेल. वैमानिकसुद्धा रेडिओवर 9 ला नायनर म्हणतात आणि 3 ला ट्री, ते याच कारणासाठी. तुमच्याही कामात आकडे, पत्ते, वेळा असतीलच, मॅनेजरला पहिल्याच दिवशी सांगून टाका की एवढं मला मेसेज करत जा.

हातात महिना आहे तर आरएनझेड, म्हणजे न्यूझीलंडच्या सार्वजनिक रेडिओचा मॉर्निंग रिपोर्ट हा सकाळचा कार्यक्रम ऑनलाइन ऐका, निवेदक स्पष्ट बोलतात, पण कान खरा तयार होतो तो मुलाखतीतल्या शेतकऱ्यांचं, दुकानदारांचं बोलणं ऐकून. मला थोडाफार अंदाज यायलाच दीड-दोन महिने लागले असतील. आणि पुढे कधी अगदी दक्षिणेला इन्व्हरकार्गिलकडे गेलात तर तिथे जुनी वस्ती बरीचशी स्कॉटलंडहून आलेल्यांची, तिकडचे लोक शब्दातला र गिळत नाहीत, छान घोळवून म्हणतात, आपल्या कानाला ते बरंच सोपं जातं.