कुशिंग आटोक्यात, मग रक्तदाब का उतरत नाही?

प्रश्न: आमच्या दहा वर्षांच्या कुत्रीला कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जादा तयार होण्याचा आजार) आहे. ते कमी करणारं ट्रायलोस्टेन हे औषध सुरू होऊन तीन महिने झाले. पाणी पिणं कमी झालं, कॉर्टिसॉल आटोक्यात आलं. तरी वरचा रक्तदाब १७५ आहे आणि लघवीतून प्रथिनं जातात. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल आहे. म्हणजे मूत्रपिंडं ठीक आहेत ना?

उत्तर: एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. कुशिंगमध्ये क्रिएटिनिनचा आकडा फसवतो. ते स्नायूंतून तयार होतं आणि जादा कॉर्टिसॉल स्नायू झिजवतं. तिच्या पाठीवरून हात फिरवा, मणके टोचत असतील तर झीज झालेली आहे. शिवाय कॉर्टिसॉल वाढलेलं असताना मूत्रपिंडं रक्त जास्त वेगाने गाळतात. उपचारानंतर हा वेग उतरतो आणि आतापर्यंत झाकलेला आजार रिपोर्टमध्ये दिसू लागतो. म्हणून क्रिएटिनिन पुन्हा तपासत राहा.

कॉर्टिसॉल उतरलं तरी बऱ्याच कुत्र्यांचा रक्तदाब चढाच राहतो, त्यावर वेगळे उपचार लागतात. आधी मोजणी नीट झाली का ते पाहा. शांत खोलीत ५ ते १० मिनिटं बसू द्यावं, पहिला आकडा सोडून पुढच्या ५ ते ७ आकड्यांची सरासरी घ्यावी. कफची (पायाला गुंडाळायच्या पट्ट्याची) रुंदी पायाच्या घेराच्या ३० ते ४० टक्के हवी. अरुंद कफ रक्तदाब खोटाच वाढवून दाखवतो. दुसऱ्या दिवशीही १६० किंवा वर आला, तर औषध हवं. १८० पासून डोळ्यांना आणि मेंदूला मोठा धोका असतो. बाहुल्या मोठ्या झाल्या, ती दारावर आदळू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (यूपीसी) ०.५ च्या वर टिकून आहे का, हे दोन-तीन नमुन्यांवर ठरवावं. त्याआधी लघवीचं कल्चर (जंतू वाढवून पाहायची तपासणी) करून घ्या. कुशिंगमध्ये जंतुसंसर्ग लक्षणांशिवायही असतो आणि त्यानेही प्रथिनं वाढतात. प्रथिनं आणि रक्तदाब दोन्हींसाठी बेनाझेप्रिल किंवा टेल्मिसार्टन देतात. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायलाच हवं. पुरेसं पडलं नाही तर जोडीला अम्लोडिपिन. कुत्र्यांत ते एकटं देणं आम्ही टाळतो, कारण त्याने मूत्रपिंडातल्या गाळण्यांवरचा दाब वाढू शकतो.

उलट्या, जुलाब, खाणं बंद किंवा एकदम गळून जाणं दिसलं, तर ट्रायलोस्टेनची पुढची गोळी देऊ नका आणि लगेच पशुवैद्यांना दाखवा. कॉर्टिसॉल गरजेपेक्षा खाली गेलेलं असू शकतं. अशा वेळी अंगातलं पाणी कमी होतं, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या चालू ठेवल्या तर मूत्रपिंडांना फटका बसतो. त्या द्यायच्या की थांबवायच्या, तेही तेव्हाच विचारून घ्या. पाण्याचं भांडं मात्र कधीही उचलू नका.