रिसीव्हर फेकण्याआधी बाल्कनीतल्या वायरी काढून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१३ मध्ये घेतलेला ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि जड बासचा एक सबवूफर सांभाळणारा होम थिएटरचा ॲम्प्लिफायर) मोठ्या आवाजाच्या प्रसंगात 'टक्' करून बंद पडतो आणि लाल दिवा लुकलुकत राहतो. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर मारामारी सुरू झाल्यावर शेजारी बेल वाजवतात. नवीन टीव्हीला रिसीव्हरमधून ४के चित्र मिळत नाही. दुकानदार म्हणतो, हा भंगारात द्या आणि सव्वा लाखाचा ९.२ (नऊ स्पीकर, दोन सबवूफर) घ्या. मेहुणे म्हणतात, अमेरिकेतून आणतो, स्वस्त पडेल.

आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की गेल्या गणपतीत आरती बाल्कनीपर्यंत ऐकू जावी म्हणून पुढच्या स्पीकरच्याच टर्मिनलवर आणखी दोन स्पीकर जोडले, आणि ते अजून तसेच आहेत. बंद पडण्याचं कारण मला तरी त्या वाक्यातच दिसतंय.

पुढचे स्पीकर ८ ओहमचे, बाल्कनीतले ६ ओहमचे. ओहम म्हणजे स्पीकर करंटला करतो तो विरोध; आकडा लहान, तर रिसीव्हरवर ओझं जास्त. दोन्ही एकाच टर्मिनलवर समांतर जोडले की रिसीव्हरच्या वाट्याला सुमारे ३.४ ओहमचा भार येतो. म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला दुपटीहून जास्त करंट. शिवाय स्पीकरवर छापलेले ८ आणि ६ हे ढोबळ आकडे असतात. काही फ्रिक्वेन्सींना तोच स्पीकर त्याच्याही खाली उतरतो. आरतीच्या आवाजात रिसीव्हर हे ओझं निमूट ओढतो. पडद्यावर स्फोट झाला की करंटची मागणी एकदम उसळते, यंत्र वाचवणारं प्रोटेक्शन सर्किट जागं होतं आणि स्पीकरचा रिले, म्हणजे आपोआप उघडणारा-मिटणारा स्विच, सुटतो. तुम्ही ऐकता तो 'टक्' त्या रिलेचा.

तरी मी सांगतोय म्हणून मान्य करू नका, तपासून बघा. रिसीव्हर बंद करा, प्लग भिंतीतून काढा, मागच्या सगळ्या स्पीकरच्या वायरी काढा. सगळ्या, फक्त बाल्कनीच्या नाही. कुठली कुठे होती याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दहा मिनिटांनी नुसता रिसीव्हर चालू करा. एकही स्पीकर नसताना तो दोन-चार सेकंदांत प्रोटेक्शनमध्ये गेला तर बिघाड आत आहे, बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा पॉवर सप्लाय, आणि मग दुरुस्तीवाल्याकडे जाण्यावाचून इलाज नाही. शांतपणे चालू राहिला तर प्रत्येक वेळी बंद करून एकेक स्पीकर जोडत जा. ज्या स्पीकरला तो पुन्हा पडेल, ती वायर किंवा तो स्पीकर गुन्हेगार.

तो कधी पडतो, याकडेही लक्ष ठेवा. चालू केल्याबरोबर पडला तर शॉर्ट किंवा आतला बिघाड. मोठ्या धक्क्यालाच पडला तर ओहमचं गणित. पाऊण तासाने, आवाज कमी असतानाही पडला तर उष्णता. तुमचा रिसीव्हर काचेच्या दाराच्या टीव्ही युनिटमध्ये आहे आणि त्याच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स बसवलाय, असं फोटोत दिसतंय. तो बॉक्स आजच उतरवा. हीटसिंकची गरम हवा वरच्या जाळीतूनच बाहेर पडते. वर निदान चार इंच मोकळी जागा हवी आणि चालू असताना दार उघडं. जाळीवर क्रोशाचा रुमाल घालणारी घरंही मी पाहिली आहेत, त्यामुळे तेही सांगून टाकतो.

शॉर्टबद्दल माझीच फजिती सांगतो. एका दिवाळीच्या साफसफाईनंतर माझा रिसीव्हर चालू करताच बंद पडायला लागला. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केलं: ट्रान्झिस्टर गेले, साडेचार हजार. उचलून न्यायचा म्हणून मागच्या वायरी सोडवायला गेलो तर सेंटर स्पीकरच्या लाल टर्मिनलमधून तांब्याची केसाएवढी एक तार निसटून शेजारच्या काळ्या टर्मिनलला टेकलेली. झाडू फिरवताना वायर ओढली गेली असणार. तार परत पिळून आत घातली, खर्च शून्य. तेव्हापासून मी वायरींच्या टोकांना बनाना प्लग लावतो. चांगल्या आवाजासाठी वगैरे नाही, अशी तार निसटू नये म्हणून.

मल्टिमीटर असेल तर वायरी रिसीव्हरपासून सुटलेल्या असतानाच प्रत्येक जोडीचा रेझिस्टन्स मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ च्या आसपास दाखवतो, कारण मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतं. त्याने घाबरू नका. शून्याजवळ आला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि काहीच दाखवलं नाही तर वायर तुटली आहे किंवा कॉइल जळली आहे.

दोन गोष्टी मात्र करू नका. प्रोटेक्शनमध्ये गेलेला रिसीव्हर पुन्हा पुन्हा चालू करत बसू नका. आणि कुणी 'प्रोटेक्शन बायपास करून देतो, मग बंद पडणार नाही' म्हणालं तर यंत्र उचला आणि घरी या. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की डीसी थेट स्पीकरवर येतो आणि कॉइल जाळतो. ते सर्किट त्याच्यासाठीच ठेवलेलं असतं.

जुन्या यंत्रांचं आणखी एक दुखणं, तुम्हाला अजून नसलं तरी येईल म्हणून सांगतो: हळू आवाजात एक चॅनेल गायब, आवाज वाढवला की तो अचानक परत. हे रिलेच्या काँटॅक्टवर चढलेल्या ऑक्साइडचं काम. दमट हवेत, समुद्राजवळच्या घरांत, जास्त. रिले बदलणं हे किरकोळ काम आहे, त्यासाठी अख्खा बोर्ड बदलू देऊ नका. आणि पाली! जाळीतून आत शिरलेल्या पालीने पॉवर सप्लाय शॉर्ट केल्याच्या कहाण्या प्रत्येक मेकॅनिककडे असतात.

आता संवाद. इथेही रिसीव्हर बहुतेक निर्दोष आहे. ओटीटी लावा आणि रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय लिहून येतं ते वाचा. 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ' आलं तर टीव्ही तुम्हाला दोनच चॅनेल पाठवतोय आणि रिसीव्हर त्यातून पाच स्पीकरचा अंदाज बांधतोय. टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' करा. त्यावर आवाजच आला नाही तर 'डॉल्बी डिजिटल' निवडा. तुमच्या पिढीच्या यंत्राला टीव्हीकडून रिसीव्हरकडे येणाऱ्या आवाजात तेच हमखास कळतं.

डिस्प्लेवर 'डॉल्बी' दिसत असूनही संवाद बसलेले असतील तर सेंटर स्पीकरकडे या, संवाद मुख्यतः त्यातूनच येतात. फोटोत तो कप्प्यात आत सरकवलेला आहे. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि पुढच्या बाजूखाली रबराचे दोन तुकडे ठेवून त्याचं तोंड सोफ्यावरच्या कानांकडे वळवा. मग लेव्हल मेनूत सेंटर २-३ डेसिबल वाढवा. रात्री ऐकायचं असेल तर 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' नावाचं जे काही असेल ते चालू करा. मोठे आवाज दबतात, लहान वर येतात. एकूण पंधरा मिनिटांचं काम आहे आणि नवीन सव्वा लाखाच्या यंत्रालाही हे करावंच लागेल.

४के न येण्याचा दोष मात्र खरोखर रिसीव्हरचा. ४के चित्रांना एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप असतं आणि २०१३ च्या रिसीव्हरांकडे त्याची किल्ली नसायची. पण चित्र रिसीव्हरमधून न्यायलाच हवं असं कुणी सांगितलं? ओटीटीची स्टिक आणि सेट-टॉप बॉक्स थेट टीव्हीला जोडा. टीव्हीच्या 'आर्क' लिहिलेल्या (म्हणजे टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत पाठवणाऱ्या) एचडीएमआयमधून रिसीव्हरच्या मॉनिटर आउटला एक केबल टाका आणि दोन्हीकडे सीईसी, म्हणजे एचडीएमआयमधून यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू करा. सॅमसंग त्याला एनीनेट+ म्हणतो, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. सीईसीने नखरे केले, म्हणजे टीव्ही लावल्यावर रिसीव्हर भलत्याच इनपुटवर जाऊ लागला, तर सरळ ऑप्टिकल केबल घाला. तिच्यातूनही डॉल्बी डिजिटल ५.१ येतं.

ॲम्प्लिफायर म्हातारा होत नाही, असं म्हणणं थोडं जास्त होईल, पण तो हळू म्हातारा होतो. एचडीएमआय दर चार-पाच वर्षांनी जुना होतो. आर्क २००९ मध्ये आला, त्याची सुधारलेली आवृत्ती ई-आर्क २०१७ मध्ये. रिसीव्हर म्हणजे या दोघांचं एकाच पेटीत लावलेलं लग्न आहे. एक कालबाह्य झाला म्हणून दुसऱ्यालाही घराबाहेर काढायचं का, हा विचार खरेदीआधी करा.

हे सगळं करूनही आत बिघाड निघाला, किंवा ॲटमॉस (छतावरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत) हवंच असेल, तर घ्या नवीन. पण ९.२ नको. तुमचा हॉल ११ बाय १७, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. मागे आणखी दोन स्पीकर ठेवायचे कुठे? शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात? ५.१ आणि छताला दोन, म्हणजे ५.१.२, एवढं त्या खोलीत बसतं आणि त्याला सात चॅनेलचा रिसीव्हर पुरतो.

वॉटचे मोठे आकडे वाचू नका. आपल्या पिढीने टेपरेकॉर्डरवर '५००० वॉट पीएमपीओ' असा फुगवलेला आकडा लिहिलेला पाहिलाय, तीच खोड सभ्य कपड्यांत अजून चालू आहे. '१५० वॉट' खाली बारीक अक्षरांत ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एकच चॅनेल असं लिहिलेलं असतं. '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल' अशा अटींवर त्याच यंत्राचे ८० वॉट होऊ शकतात. तुलना नेहमी या दुसऱ्या ओळीची करा. आणि ८० ऐवजी १०० वॉट मिळाले तर फरक जेमतेम १ डेसिबलचा पडतो, बहुतेकांना तो कळतही नाही. दुप्पट वॉटला ३ डेसिबल. तुमचे स्पीकर ८८ डेसिबलचे आहेत, म्हणजे १ वॉटला १ मीटरवर तेवढा आवाज. घरच्या नेहमीच्या ऐकण्यात सरासरी एखादा वॉट खर्च होतो, बाकीचे त्या स्फोटांसाठी राखीव.

मी पैसे कशासाठी देईन, तर रूम करेक्शनसाठी, म्हणजे रिसीव्हर माइकने खोली मोजून आवाज तिला जुळवून घेतो त्यासाठी. डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपाओ, ऑन्कियोच्या बऱ्याच मॉडेलांत डिराक. आपल्या हॉलमध्ये फरशी, काच, उघड्या भिंती. खोली जितकं बिघडवते तितकं दोन रिसीव्हरांमधलं अंतर कधीच नसतं. माइक कानाच्या उंचीवर, ट्रायपॉडवर ठेवा, सोफ्याच्या पाठीवर नको. पंखा, एसी बंद, कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्यावर. झाल्यावर मेनूत जाऊन बघा: पुढचे स्पीकर 'लार्ज' ठरवले असतील तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झ ठेवा. 'स्मॉल' म्हणजे अपमान नाही, जड बास सबवूफरकडे वळवणं एवढाच अर्थ. ॲम्प्लिफायरचं ओझंही त्याने उतरतं. सबवूफरचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दाखवलं तर हात लावू नका, त्याच्या आतल्या सर्किटला लागणारा उशीर त्यात धरलेला असतो.

त्यानंतर ई-आर्क, आणि मुलगा गेम कन्सोल मागणार असेल तर ४के १२० हर्ट्झ घेणारे किती इनपुट आहेत ते. ८के स्टिकरचं काही नको. प्री-आउट (ॲम्प्लिफाय न केलेला आवाज बाहेर देणारे जॅक) असतील तर उद्या वेगळा ॲम्प्लिफायर जोडता येतो. आणि तुमच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का, हे दुकानदाराला न विचारता स्वतः कंपनीला फोन करून विचारा.

मेहुण्यांना प्रेमाने नाही म्हणा. तिकडची बहुतेक मॉडेलं १२० व्होल्टचीच असतात. इथल्या २३० वर थेट लावला तर धूर निघेल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला तर तो जड, गरम आणि गुणगुणणारा. वॉरंटी इथे बहुधा चालत नाही. बारा-पंधरा किलोचं खोकं बॅगेत आणण्यापेक्षा त्यांना ब्लू-रे डिस्क आणायला सांगा. मात्र डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणारे त्यांचे रीजन कोड आधी तपासा.

बाल्कनीसाठी या गणपतीला वेगळा छोटा ॲम्प्लिफायर घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत स्वस्तात मिळतो. येताना वायरही घ्या, पण टोक ब्लेडने खरवडून बघा: आतून चांदीसारखं पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. तुमच्या अंतराला घरच्या वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची जोडवायरही चालेल.

आज एवढंच करा: वायरी काढा, पाचही जोड्यांचे मीटरवरचे आकडे आणि बाल्कनीतल्या दोन स्पीकरचे वेगळे, असे लिहून पाठवा. डावा मागचा विशेष नीट मोजा. फोटोत त्याची वायर दाराच्या फटीतून गेलेली दिसतेय, आणि ते दार रोज बंद होत असणार.