नागीण बरी झाली, तरी कापड लागलं की दुखतं?

प्रश्न असा: आईची नागीण सुकून ५ महिने झाले, तरी ब्लाउजचं कापडही सहन होत नाही. घरचे म्हणतात, मनाचे खेळ.

मनाचे खेळ नाहीत हो! गिरगावात आमच्या मावशीला हेच झालं होतं. गंमत म्हणजे तळहात घट्ट दाबून ठेवला तर चालायचं, पण पंख्याच्या वाऱ्याने पदर हलला की कळ. लोकलमध्ये शेजारणीची ओढणी दंडाला लागली तरी डोळ्यांत पाणी.

याला ॲलोडिनिया म्हणतात. स्पर्शाच्या आणि वेदनेच्या नसा वेगळ्या. पण नागिणीने नसा दुखावल्या की मज्जारज्जूतल्या पेशी जास्तच उत्तेजित होतात, आणि साधा स्पर्शही वेदना म्हणून मेंदूकडे जातो. सोसायटीतल्या एखाद्या गाडीचा अलार्म बोनेटवरून मांजर गेलं तरी कोकलतो ना, तसं. वेदनेवर संशोधन करणारे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली उंदरांवर हे दाखवलं: इजेनंतर मज्जारज्जूचीच उत्तेजनक्षमता वाढते. त्याआधी बहुतेक दोष जखमेच्या जागेला दिला जाई.

म्हणून नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी औषधं पेशींचा हा भडका कमी करतात. वयस्कर माणसाला गुंगी येते, तोल जातो, म्हणून डोस डॉक्टरच ठरवतील. न्यूरॉलॉजिस्ट किंवा पेन क्लिनिक गाठा. तोवर आईला जुनी, धुऊन मऊ झालेली सुती ब्लाउजं द्या. आणि घरच्यांना सांगा, टोमणे बंद.