वाचकांचे प्रश्न : पेन्सिल ड्रॉइंगचा वर्ग घेताना

दर रविवारी बारा-पंधरा मुलांचा ऑनलाइन वर्ग घेते. मी काढते ते मुलं हुबेहूब काढतात, पण घरातलं साधं फुलपात्र समोर ठेवून काढायला सांगितलं की गडबडतात. कुठे चुकतंय? – कलाशिक्षिका, सातारा

मुलं तुमचं चित्र बघून काढतात, वस्तू बघून नाही. पडद्यावरच्या चित्रात उंची किती, रुंदी किती, कड कुठे वळते हे सगळं तुम्ही आधीच ठरवून दिलेलं असतं. मुलांना फक्त रेघा उचलायच्या उरतात. पहिले दोन-तीन वर्ग तरी तुम्ही पूर्ण चित्र काढून दाखवू नका. ज्याने-त्याने आपापल्या घरचं फुलपात्र दीड-दोन हातांवर ठेवावं आणि पहिली पाच मिनिटं पेन्सिल कागदाला लावूच नये.

या पाच मिनिटांत माप घ्यायला शिकवा. हात कोपरात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल उभी. पेन्सिलीचं टोक वस्तूच्या वरच्या कडेवर आणि अंगठा खालच्या कडेवर आणला की उंची मिळाली. तेवढीच लांबी धरून पेन्सिल आडवी करायची आणि रुंदीशी ताडून बघायची. कोपर जरा जरी वाकलं तरी डोळ्यापासूनचं अंतर बदलतं आणि माप खोटं येतं. लहान मुलांचं नेमकं इथेच चुकतं, म्हणून या वेळी त्यांना कॅमेऱ्यापासून थोडं मागे सरकून बसायला सांगा, म्हणजे कोपर तुम्हाला दिसेल.

मग फुलपात्राचं तोंड. ते गोल आहे हे ठाऊक असतं, पण दिसतं लंबगोल. मुलं वरची आणि खालची कमान वेगवेगळी काढून जोडतात, त्यामुळे दोन्ही टोकांना डोळ्याच्या कोपऱ्यासारखी अणी येते. लंबगोलाला अणी कधीच नसते, टोकाशीही तो वळतच असतो. हात न थांबवता त्याच जागी तीन-चार हलके फेरे मारायला लावा, मग त्यातला नेमका फेरा गडद करू दे. दुसरी चूक बुडाची. टेबल सपाट आहे म्हणून बूडही सरळ रेघेने काढलं जातं. खरं तर बूड डोळ्यांच्या पातळीपासून तोंडापेक्षा जास्त खाली असतं, त्यामुळे त्याची कमान तोंडाच्या कमानीपेक्षा जास्त गोलाई घेते. हे तोंडी सांगून पटत नाही. काचेचा पेला अर्धा पाण्याने भरून हळूहळू डोळ्यांच्या पातळीपर्यंत उचलायला सांगा. वरची कड मिटत मिटत एक आडवी रेघ होते, पाण्याची कड तेव्हाही थोडी उघडी दिसते आणि बुडाची सगळ्यात जास्त. हा एका मिनिटाचा प्रयोग केलेलं मूल पुन्हा सपाट बूड क्वचितच काढतं.

शेडिंगला मात्र स्टील घेऊ नका. त्यात खिडकी, पंखा, स्वतःचा चेहरा सगळं दिसतं आणि मूल गोंधळतं. मातीची पणती किंवा छोटी कुंडी उत्तम.

मोबाइल वर टांगून शिकवतो. हात कागदावर आला की पडद्यावर सगळं पांढरं होतं, रेघा दिसतच नाहीत. – नाशिक

पांढऱ्या कागदावर सावळा हात आला की चौकट काळोखी झाली असं फोनला वाटतं आणि तो उजेड वाढवतो. त्यात फिकट रेघा विरून जातात. कागदाखाली तपकिरी बोर्ड ठेवा आणि चौकटीत बोर्डाची चारही बाजूंनी तीन-चार बोटं कड दिसू द्या. पांढऱ्याचं प्रमाण कमी झालं की उजेडाची उडी कमी होते. तुमच्या ॲपमध्ये कागदावर बोट दाबून फोकस आणि उजेड बांधून ठेवता येत असेल तर वर्गाआधी तेही करा. उजव्या हाताने काढत असाल तर दिवा डावीकडून, साधारण पंचेचाळीस अंशांत ठेवा. डोक्यावरच्या ट्यूबने फोनचीच सावली कागदावर पडते.

रेघ दिसावी म्हणून शिक्षक ४बी, म्हणजे मऊ आणि गडद पेन्सिल घेऊन दाबून काढतात. कॅमेऱ्यासाठी ते बरोबर आहे, पण मुलं तसंच दाबतात. मग कागदावर चर पडते, ती खोडरबराने जात नाही आणि वरून शेडिंग केलं की तिथे पांढरी रेघ उमटते, कारण मऊ शिसं चरीत उतरत नाही. म्हणून प्रत्येक वर्गात सांगत राहा : माझी रेघ पडद्यासाठी गडद आहे, तुमची एचबीने (त्याहून कडक, फिकट पेन्सिलीने), जेमतेम दिसेल अशी.

वर्ग सुरू होण्याआधी दुसऱ्या फोनवरून विद्यार्थी म्हणून आत या आणि त्यांना काय दिसतं ते बघा. त्या फोनचा माइक आणि आवाज दोन्ही बंद ठेवा, नाहीतर शिट्टी वाजत राहील.

ऑनलाइन चित्रं तपासायची कशी? फोटो करडे आणि वाकडे येतात. – ठाणे

पांढऱ्या कागदाने चौकट भरली की फोन उजेड कमी करतो, म्हणून कागद करडा येतो. फोटो काढताना उजेडाची पट्टी थोडी वर सरकवायला सांगा. कागद खिडकीजवळ सपाट, फोन त्याला समांतर. फोन कलला तर लंबगोलही चपटा होतो आणि मुलाची नसलेली चूक तुम्ही दुरुस्त करत बसता. व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर बारीक छटा टिकतात.

फक्त पूर्ण झालेलं चित्र मागवू नका. तीन फोटो हवेत : मुलाच्या डोळ्यापाशी फोन धरून घेतलेला वस्तूचा, दहा मिनिटांनंतरच्या कागदाचा आणि शेवटचा. चूक जवळजवळ नेहमी दुसऱ्या फोटोत सापडते. ती त्याच वर्गात दाखवता आली पाहिजे, म्हणून संख्या आवरा. बारा मुलांना प्रत्येकी तीन मिनिटं म्हणजे छत्तीस मिनिटं. नव्वद मिनिटांच्या वर्गात यापेक्षा जास्त मुलं घेतली तर कुणाचंच नीट बघून होत नाही.

एका दिवसाची प्रत्यक्ष कार्यशाळा घ्यायची आहे. वीस जण, एक हॉल. मांडणी कशी करावी? – कोल्हापूर

मधोमध एकच मांडणी करू नका, मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतात. पाच-पाचांचे चार गट, प्रत्येकाला एक स्टूल, त्यावर दोन वस्तू आणि एक पांढरं कापड. विद्यार्थी दीड ते दोन मीटरवर अर्धवर्तुळात. ट्यूब बंद, पडदे ओढलेले, प्रत्येक गटाला बाजूने एकच दिवा. दोन दिवे लागले की पडछाया दोन पडतात आणि उजेडाची बाजू समजेनाशी होते. स्टूल आणि खुर्च्यांच्या पायांभोवती खडूने खुणा करा. चहाहून परतल्यावर खुर्ची वीतभर सरकली तरी चित्र जुळत नाही.

शिकवताना उभ्याने वाकून बघू नका, विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसा. उभं राहिल्यावर लंबगोल जास्त उघडा दिसतो आणि तुम्ही त्याचं बरोबर असलेलं चित्र चुकीचं ठरवता. त्याच्या चित्रावर रेघही मारू नका. कागदाच्या कोपऱ्यात किंवा ट्रेसिंगवर काढून दाखवा.

सामान प्रत्येकी : एचबी, २बी, ४बी, ६बी पेन्सिली, १३० ते १५० जीएसएमचा (चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज पेपर, म्हणजे जाड चित्रकलेचा कागद, क्लिप, बोर्ड, कटर, मऊ खोडरबर. झेरॉक्सचा कागद नको, गुळगुळीत असल्याने दोन थरांनंतर शिसं धरत नाही.

माझी शेडिंग चिकट, डागाळलेली दिसते. – वाचक, पणजी

बोटाने घासता का? बोटाचं तेल कागदात शिरतं आणि तिथे शिसं ठिपक्या-ठिपक्यांनी बसतं. हाताखाली कोरा कागद ठेवा आणि घासण्याऐवजी हलक्या तिरक्या रेघांचे थर द्या, आधी २बी, मग ४बी, सगळ्यात गडद जागी ६बी.

मुलगी एलिमेंटरी ग्रेड परीक्षेला बसणार आहे. ऑनलाइन वर्ग पुरेल का? – पुणे

स्मरणचित्र (आठवणीतून काढायचं) आणि संकल्पचित्रासाठी (नक्षीकाम) बऱ्याच अंशी पुरेल. वस्तुचित्राला समोर मांडलेल्या वस्तू बघून काढायचं असतं, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी तिला शिक्षकासमोर, घड्याळ लावून, अनोळखी मांडणी काढू द्या.

न्यू जर्सीतल्या नातवंडांना भारतातल्या वर्गात बसवायचं आहे. वेळ कोणती? – वाचक, डोंबिवली

आपल्याकडचे संध्याकाळचे सात म्हणजे तिथे हिवाळ्यात सकाळचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये तिथलं घड्याळ बदलतं, त्या आठवड्यात वर्गाची वेळ पुन्हा कळवायला शिक्षकांना सांगा. तिथे सकाळी खिडकीतून ऊन थेट वस्तूवर येत असेल तर तासाभरात सावली सरकते. पडदा ओढून टेबललॅम्प लावून द्या.